‘या वयात आता ऑपरेशन कशाला?’

ऐंशीच्या घरातलं माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं, एक्स-रे निघतो, डॉक्टर ऑपरेशन सांगतात. मग दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाइकांचं जे बोलणं सुरू होतं, ते ऐकून माझं डोकं तापतं. या वयात आता कशाला कापाकापी? म्हाताऱ्या हाडात जोर तो किती, ते थोडंच जुळणार? टेबलावरच काही झालं तर? त्यापेक्षा घरी नेऊ, पडून राहतील, आपण सेवा करू, जेवढे दिवस आहेत तेवढे सुखाने जातील. कुणाला तालुक्याजवळचा एक हाडवैद्य आठवतो. कुणी सांगतं, आमच्या मावससासऱ्यांचं ऑपरेशन केलं आणि महिन्याभरात ते गेले. कुणाला खात्री असते की हा सगळा बिल वाढवायचा धंदा आहे. अर्ध्या तासात निकाल लागतो, रुग्णवाहिका बोलावली जाते, आणि ज्याचं हाड मोडलंय त्याला तो निकाल सर्वांत शेवटी कळतो.

हे मत फक्त खेड्यातलं किंवा न शिकलेल्यांचं नाही. पुण्यातल्या सोसायटीतले निवृत्त अधिकारीही तेच बोलतात, परदेशातून फोनवर बोलणारा इंजिनीअर मुलगाही तेच बोलतो. या मताला वडीलधाऱ्यांच्या काळजीचं रूप असतं, त्यामुळे कुणी ते खोडून काढत नाही. पण या मतापायी माणसं मरतात, आणि मरण्याआधी आठवडेच्या आठवडे हाल सोसतात. म्हणून ते खोडलंच पाहिजे.

सुरुवात हाडापासून करू. म्हातारं हाड जुळत नाही, हे कुणी ठरवलं? हाड मोडलं की आतल्या रक्तवाहिन्या तुटतात, तुटलेल्या टोकांभोवती रक्त साकळतं. पहिल्या काही दिवसांत तिथे सूज येते, दुखतं, आणि त्या सुजेतूनच नव्या पेशींना बोलावणं जातं. दोन-तीन आठवड्यांत टोकांच्या मधे तंतू आणि कूर्चा यांचा मऊ सांधा तयार होतो. मग त्यात कॅल्शियम भरत जातं आणि सहा ते बारा आठवड्यांत कच्चं पण खरं हाड उभं राहतं. त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं, शरीर त्या जाडजूड गाठीला पडणाऱ्या भाराप्रमाणे घडवत राहतं. कातडी कापली तर व्रण राहतो. हाडाच्या जागी मात्र पुन्हा हाडच येतं. ही ताकद साठाव्या किंवा ऐंशीव्या वर्षी संपत नाही. पंच्याहत्तरीची बाई हातावर पडून मनगट मोडून घेते, सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहते आणि पुढे पुन्हा भाकरी थापते. प्रत्येकाच्या नात्यात अशी एक तरी बाई असते. तिचं हाड जुळलं ना? मग तिच्याच वयाच्या जावेचा खुबा मोडल्यावर ‘म्हातारं हाड’ हे कारण कुठून आलं?

सुश्रुतसंहितेला मानणाऱ्यांनी तरी हे बोलू नये. तिच्या भग्नचिकित्सेच्या प्रकरणात वयाचा हिशेब स्पष्ट दिलेला आहे: तरुणपणी मोडलेलं हाड महिन्यात पक्कं होतं, मध्यम वयात त्याच्या दुप्पट काळात, उतारवयात तिप्पट काळात. म्हणजे तीन महिने. हाड जुळतं, वेळ लागतो. पाय हलू नये म्हणून रुग्णाला फळीवर निजवून खुंट्यांनी जखडण्याची रीतही तिथे सांगितली आहे. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज तो आहे, आणि या लेखातला सगळा झगडा त्या तीन महिन्यांबद्दलच आहे.

खुब्याजवळ हाड मोडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. ही दोन ठिकाणं एक्स-रेत बोटभर अंतरावर दिसतात, पण त्यांचं नशीब वेगवेगळं असतं. एक जागा मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याखाली, मानेत. ही मान सांध्याच्या पिशवीच्या आत असते. इतर हाडांवर जे आवरण असतं आणि ज्यातून जुळणीची गाठ बाहेरच्या बाजूने चढते, त्याचा कामाचा थर इथे नसतो. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या मानेला चिकटून वर जातात, त्यामुळे मान सरकली की त्या तुटतात. जुळणीसाठी लागणारं सामानच तिथे पोचत नाही. हाड जुळत नाही, किंवा जुळलं तरी गोळा रक्तावाचून मरतो आणि खचतो. दुसरी जागा मानेच्या खाली, जिथे मांडीच्या हाडाला मोठे उंचवटे असतात. तिथलं हाड स्पंजासारखं, रक्ताने भरलेलं. तिथलं मोडलेलं हाड ऐंशीतही जुळतं, नव्वदीतही जुळतं.

आता व्हरांड्यातला युक्तिवाद या दोन जागांवर लावून पाहा. मान मोडली असेल तर हाड जुळणार नाही हे खरं आहे. पण म्हणूनच तर सर्जन जुळणीच्या भानगडीत न पडता मोडका गोळा काढून त्या जागी धातूचा गोळा बसवतो! जुळण्यासारखं काही उरतच नाही. हाड म्हातारं आहे म्हणून जुळणार नाही, म्हणून ऑपरेशन नको, हे बोलणं इथे साफ उलटं पडतं: जुळणार नाही म्हणूनच ऑपरेशन हवं. आणि खालची जागा मोडली असेल तर हाड रॉड-स्क्रूशिवायही जुळेल, वजन लावून आठ ते बारा आठवडे पाठीवर निजवलं तर. ते आठ ते बारा आठवडे म्हातारं शरीर जगून दाखवेल का, एवढाच प्रश्न आहे. ऑपरेशन हाडासाठी आहे असं समजून सगळे भांडतात. ते माणसाला खाटेवरून उठवण्यासाठी आहे.

खाट काय करते ते नीट सांगायला हवं, कारण ‘पडून राहतील’ हे दोन शब्द फार सहज उच्चारले जातात. पाठीवर पडलेल्या माणसाची छाती पुरती फुलत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. पायाच्या शिरांत रक्त गोठतं आणि ती गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली तर काही मिनिटांत खेळ संपतो. माकडहाडाजवळची आणि टाचांची कातडी दबून काळी पडते, फाटते, आत हाडापर्यंत जखम जाते. लघवीची नळी घातली की तिच्यातून जंतू चढतात. भूक मरते, शौचाला होत नाही. आणि स्नायू झडतात. मोजक्या निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणात ठेवून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ १ किलो मांस गेलं. त्यांचं काहीही मोडलेलं नव्हतं. हाड मोडलेल्या, आधीच काडी झालेल्या आजीचं तीन महिन्यांत काय होईल? तिचं हाड जुळेलही. त्या हाडावर उभं राहायला पायात काही शिल्लक नसेल.

हे आत्ता कळलेलं ज्ञान नाही. लंडनचा सर्जन ॲस्टली कूपर याने १८२२ साली हाडमोडीवर ग्रंथ लिहिला. सांध्याच्या आतली मान जुळत नाही आणि बाहेरची जुळते, हा फरक त्याने तेव्हाच मांडला. ना एक्स-रे होता, ना भूल. तरीही म्हाताऱ्या रुग्णांना हाडाच्या नादाने खाटेला जखडून ठेवलं तर ते जातात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून दुखणं ओसरलं की दहा-पंधरा दिवसांत त्यांना उंच खुर्चीवर बसवा, कुबड्या द्या, पाय अधू राहिला तरी चालेल, असा त्याचा सल्ला होता. दोनशे वर्षांपूर्वी हातात काहीही साधन नसलेल्या माणसाने काढलेला हा निष्कर्ष आहे. पुढे १९२५ साली बोस्टनमध्ये स्मिथ-पीटरसनने तीन पात्यांचा खिळा मानेत ठोकून ती धरून ठेवली. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ऑस्टिन मूर यांचा धातूचा गोळा आला आणि आपल्या देशातल्या कितीतरी रुग्णालयांत त्याने दशकानुदशकं म्हाताऱ्यांना उभं केलं. खाटेतून सुटका करण्यासाठी शंभर वर्षं खपून माणसाने ही साधनं मिळवली. आणि आपण रुग्णवाहिका बोलावून परत खाटेकडेच निघतो.

‘सुखाने जाऊ द्या’ हे वाक्य मला सर्वांत असह्य होतं. मोडका खुबा न बांधता घरी ठेवणं म्हणजे काय, हे ते बोलणाऱ्याने एकदा बेडपॅन सरकवताना पाहावं. चादर बदलायची, कूस बदलायची, अंग पुसायचं, प्रत्येक वेळी मोडकी टोकं एकमेकांवर घासतात. ती बाई ओरडते, मग ओरडायचा त्रास नको म्हणून पाणी पिणं कमी करते, म्हणजे लघवीला जावं लागणार नाही. घरातल्या सुनेची कंबर जाते, रात्रीची झोप जाते. या सगळ्याला सुख म्हणायला जीभ कशी रेटते? ज्यांचा शेवट दिवसांवर आला आहे, जे आधीपासूनच अंथरुणाला खिळलेले आहेत, कुणाला ओळखत नाहीत, त्यांच्या बाबतीत ऑपरेशन न करण्याचा निर्णय योग्य ठरू शकतो, आणि चांगले डॉक्टर तो घेतातही. पण तिथेही मांडीतली नस बधिर करून वेदना थांबवायची असते, नुसतं घरी आणून टाकायचं नसतं. आणि काल संध्याकाळपर्यंत स्वतःच्या पायांनी देवळात जाणारी बाई या गटात बसत नाही.

पण झेपेल का, हा पुढचा प्रश्न. प्रामाणिक प्रश्न आहे, म्हणून उत्तरही आकड्यांनी देतो. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी वर्षभरात साधारण शंभरातले वीस ते तीस जण जातात, ऑपरेशन झालेलेही त्यांत आले. तुमचे मावससासरे त्यांतले असतील. पण यावरून ऑपरेशनने मारलं असं निघतं का? ते ज्या अशक्तपणाने पडले, जे हृदय, जी साखर, जी मूत्रपिंडं घेऊन पडले, ती सगळी या आकड्यात आहेत. त्यातला किती भाग टाळता येतो हे ब्रिटनने दाखवलं. २००७ साली तिथे खुबा मोडलेल्या प्रत्येक वृद्धाची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. लवकर ऑपरेशन, हाडाच्या डॉक्टरसोबत वृद्धांचा डॉक्टर, दुसऱ्या दिवशी उभं करणं, या गोष्टी मोजल्या जाऊ लागल्या. २०१० पासून ३६ तासांच्या आत ऑपरेशन केलं तर रुग्णालयाला जादा पैसे मिळू लागले. पहिल्या ३० दिवसांत दगावणारे शंभरात अकराच्या आसपास होते, ते चार वर्षांत साडेआठच्या आसपास आले, आणि पुढे आणखी उतरले. माणसं तीच, हाडं तीच, वयंही तीच. बदलली ती घाई आणि निगा. आणि आज बहुतेकांना कमरेखालचा भाग बधिर करून हे ऑपरेशन करता येतं. ज्या हृदयाला तास-दीड तासाचं ऑपरेशन झेपणार नाही अशी भीती वाटते, त्याला तीन महिन्यांची वेदना, न्यूमोनिया आणि रक्ताच्या गुठळ्या कशा झेपतील?

इथे डॉक्टरांनाही सोडता येत नाही. ‘फिटनेस’च्या नावाखाली आठवडा जातो. आधी फिजिशियनचं मत, मग इको, मग सोडियम पूर्ण बरोबर होईपर्यंत थांबणं, मग हृदयासाठी चालू असलेली ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल बंद करून पाच-सात दिवस वाट पाहणं. या गोळ्यांसाठी ऑपरेशन लांबवू नये, असं आजची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. जे दुरुस्त करण्यासारखं आहे ते काही तासांत दुरुस्त करायचं, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला टेबलावर घ्यायचं. १७ देशांत, आपल्या देशातही, झालेला एक मोठा अभ्यास २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. निदान झाल्यावर सहा तासांत ऑपरेशन की नेहमीच्या गतीने, साधारण चोवीस तासांनी, अशी त्यात तुलना होती. मृत्यूंत फरक पडला नाही. पण लवकर ऑपरेशन झालेल्यांना भ्रम कमी झाला, आणि ते लवकर उभे राहिले, लवकर घरी गेले. जगात चर्चा सहा तास की चोवीस अशी चालली आहे. आपल्याकडे सहाव्या दिवशीही ‘बघू, मोठा भाऊ येऊ दे’ चालतं.

या भ्रमाचंही एक सांगतो. आजी रात्री मेलेल्या माणसांशी बोलू लागते, नळ्या उपटते, मुलाला ओळखत नाही. घरचे म्हणतात, संपलं आता, डोकं गेलं, परत नेऊ. हा भ्रम बहुधा वेदना, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, सोडियम आणि अनोळखी खोली यांनी होतो आणि बहुतेकांचा उतरतो. तिचा चष्मा आणि कानाचं यंत्र तिला द्या, ओळखीचं माणूस शेजारी बसवा, वेदना थांबवा. त्यावरून तिच्या आयुष्याचा निकाल लावू नका.

हाडवैद्यांबद्दल थोडक्यात. बोटाचं, बरगडीचं, न सरकलेल्या हाताचं हाड लेपाखाली जुळतं, कारण ते लेपाशिवायही जुळणार असतं. खुब्याच्या मानेला लेपाचा काडीचाही उपयोग नाही, तिथे लेपातली कांडवेल पोचत नाही आणि रक्तही पोचत नाही. ओढून-चोळून मात्र न सरकलेलं हाड सरकतं, आणि दोन स्क्रूंत भागणारं काम गोळा बदलण्यावर जातं. लहान मुलांच्या कोपरावर घट्ट कामट्या बांधून रक्त तोडल्याने आखडलेले हात ज्यांनी पाहिलेत, त्यांना या विषयावर गोड बोलता येत नाही. ‘चालता येतंय म्हणजे मोडलेलं नाही’ हेही खोटं आहे. मानेचं हाड एकमेकांत रुतून बसलं तर माणूस लंगडत दोन-चार दिवस चालतो, मग एका सकाळी पाय आखडतो, बाहेर वळतो. पडल्यावर जांघेत दुखत असेल तर एक्स-रे काढा. त्यात दिसलं नाही आणि दुखणं राहिलं, तर सीटी किंवा एमआरआय करा.

पैशांचा आक्षेप मात्र मी झटकणार नाही. गरज नसताना प्लेटा घालणारे आहेत, त्यांच्यावर संशय घ्यायला लोकांना कारण आहे. मनगटाच्या, खांद्याच्या हाडासाठी दुसरं मत जरूर घ्या, तिथे प्लास्टर किंवा झोळी पुष्कळदा पुरते. पण खुब्याच्या बाबतीत हा संशय चुकीच्या जागी पडतो. राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमधून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं कार्ड मिळतं. किती घरांत हे कार्ड पडण्याआधी काढून ठेवलेलं असतं? आणि खाटेवरचे तीन महिने काय फुकट जातात? रात्रंदिवस बाई, डायपर, जखमांची मलमपट्टी, न्यूमोनियाचा दवाखाना, नोकरीवर पडलेल्या रजा, यांचा हिशेब कुणी मांडत नाही, कारण तो एका कागदावर येत नाही.

ऑपरेशन होऊनही तेच मत मागल्या दाराने परत येतं. ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, महिनाभर हलू देऊ नका.’ मग ऑपरेशन केलं कशाला? गोळा बसवलेल्या बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून पूर्ण भार टाकता येतो. सर्जनने उठवा सांगितलं की उठवायचं, दुखतंय तर आधी गोळी देऊन उठवायचं. पेज, मऊ भात आणि वरणाच्या पाण्यावर स्नायू भरत नाहीत. अंडं, डाळ, दूध, पनीर, चालत असेल तर मासे, रोज द्या. मिश्रीचा डबा उशाखालून काढा, तंबाखूने हाडाची जुळणी मंदावते. आणि हाड मुळात का मोडलं याचा उपचार करा. ठिसूळ हाडासाठी वर्षातून एकदा शिरेतून देण्याचं झोलेड्रॉनिक ॲसिड आहे. खुबा मोडलेल्यांवर त्याची चाचणी झाली, २००७ साली निकाल आले: पुढची हाडमोड ३५ टक्क्यांनी कमी, मृत्यू २८ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे टाके निघाले की फाइल बंद होते. दुसरा खुबा मोडेपर्यंत ती कुणी उघडत नाही.

‘किती वर्षं राहिलीत आता?’ हा प्रश्न मी सर्वाधिक वेळा विधवा आयांबद्दल ऐकलाय, ज्यांच्या नावावर जमीन नाही आणि पेन्शन नाही. पेन्शन असलेल्या वडिलांच्या बाबतीत निर्णय चटकन होतात. हे बोचरं आहे, पण खोटं नाही. त्या बाईला मात्र कुणी काही विचारत नाही. ती शुद्धीवर असते, तिला सगळं ऐकू येत असतं, तरी कागद मुलापुढे जातो आणि ‘नको, घरी नेतो’ ही सही तो करतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सांगितलं आहे की जीव लगेच धोक्यात नसेल तर सज्ञान, समजत्या रुग्णाची संमती तिचीच लागते. त्या खटल्यात तर रुग्ण भुलीखाली होती आणि संमती तिच्या आईने दिली होती, तरी न्यायालयाने ती मानली नाही. मग जागी असलेल्या आईचं उत्तर मुलाने का द्यायचं?

तिच्याजवळ जाऊन बसा. तिला सांगा की हाड मोडलंय, ऑपरेशन केलं तर उद्या-परवा उभं राहायची चांगली शक्यता आहे, धोका आहे, आणि न केलं तर महिनोन्‌महिने खाट आहे, तिथे धोका याहून मोठा आहे. ती नको म्हणाली तर तिचं ऐका, आणि वेदना थांबवण्याची सोय करा. ती हो म्हणाली तर व्हरांड्यात परत बैठक भरवू नका. सर्जनला गाठा आणि एवढंच विचारा: आज करता, की उद्या सकाळी?